तिथे होता एक राजा

माझं इंग्रजी चांगलं आहे, अशी आमच्या घराण्यात एक अफवा आहे. तिला आधार तीन. एक, मी बी.कॉम. आहे. दोन, मी बँकेत आहे. आणि तीन, २०११ साली धाकट्या बहिणीच्या लग्नात मी भर मांडवात एका पाहुण्याशी सलग चार मिनिटं इंग्रजीत बोललो होतो. पाहुणा नवरदेवाच्या ऑफिसातला, तमिळ. त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, आणि दोघांनाही पंगत कधी बसणार एवढंच जाणून घ्यायचं होतं. पण दुरून बघणाऱ्याला विषय ऐकू येत नाही, नुसते हातवारे दिसतात. ती अफवा मी कधी खोडून काढली नाही. कारकुनाच्या नावावर एवढी एक तरी ठेव असावी.

तर त्याच बहिणीचा परवा जूनमध्ये फोन आला. "दादा, पिंट्या आता आठवीत जातोय. इथली शाळा सातवीपर्यंतच. आता तालुक्याला हायस्कुलात जायचंय. बाकी सगळं ठीक आहे, पण इंग्रजीच्या तासाचं त्यानं मनावर घेतलंय. नीट जेवत नाही. तुझं इंग्रजी एवढं चांगलं, तू त्याला जरा सांग ना, तिथं काय काय असतं ते. शनिवारी पाठवते."

मी "पाठव" म्हणालो. भाच्याला नाही म्हणणारा मामा अजून मराठी भाषेत जन्माला यायचाय.

शुक्रवारी रात्री मी विड्रॉल स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे काढायला बसलो. (या स्लिपा जुन्या, रद्द झालेल्या होत्या. ऑडिटवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर नोंद घ्यावी.) 'हायस्कूलच्या पहिल्या वर्षातील इंग्रजीचा तास : अपेक्षित बाबी' असा मथळा दिला, खाली दुहेरी रेघ मारली आणि अडकलो. सौ.नं मागून वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढीच बाब आठवतेय वाटतं?"

वास्तविक आठवत सगळं होतं, पण ते मुद्द्यांत बसेना.

आमचं हायस्कूल पाचवीपासून होतं आणि इंग्रजीही पाचवीपासूनच. हल्ली पहिलीपासून असतं. ते २०००पासून सुरू झालं, तोवर मी बारावी होऊन सुटलो होतो. आमची पिढी १९९० साली चौथी पास होऊन त्या दगडी इमारतीत शिरली ती एबीसीडीचं 'ए'देखील न लिहिता. आणि शिरल्या दिवशीच आमचं सगळं बदललं. चौथीपर्यंत 'गुरुजी' होते, त्यांचे 'सर' झाले. बाईंच्या 'मॅडम' झाल्या. तासाचा 'पिरियड' झाला. मधली सुट्टी होती तिची 'रिसेस' झाली, आणि ती दहा मिनिटांनी कमीही झाली. इंग्रजी आलं की काहीतरी कमी होतं, हा पहिला धडा पुस्तक उघडायच्या आधीच मिळाला.

वर्गात शिरायचं असेल तर 'मे आय कम इन सर' म्हणायचं, असा नियम होता. हे पाच शब्द आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आम्ही ते 'मेआयकमिन्सर' असं एका दमात म्हणायचो. माझ्या बाकावरच्या एकाला तर दिवाळीपर्यंत ते सरांचं आडनाव वाटत होतं. बाहेर जायचं वाक्य वेगळं होतं, आणि ते लांब होतं. ज्या घाईच्या वेळी ते लागायचं त्या वेळी ते आठवायचं नाही. मग पोरं नुसती करंगळी वर करून उभी राहायची. सर म्हणायचे, "इन इंग्लिश!" आता करंगळीचं इंग्रजी काय करणार? त्यापायी पाचवी ब मध्ये जे काही प्रसंग घडले ते, संबंधित मंडळी आज मोठमोठ्या हुद्द्यांवर असल्यामुळे, मी उघड करत नाही.

मग चौरेघी वही. मराठीला दुरेघी चालायची, इंग्रजीला चार रेघा. एबीसीडी चार प्रकारची : पहिली लिपी, दुसरी लिपी, तिसरी लिपी, चौथी लिपी. छापायची मोठी, छापायची बारकी, हातानं लिहायची मोठी, हातानं लिहायची बारकी. सव्वीस चोक एकशेचार. मास्तर म्हणत होते की इंग्रजीत अक्षरं फक्त सव्वीस, सोपी भाषा आहे. माझी वाणिज्य शाखा तिथेच ठरली असावी, कारण मी मनातल्या मनात एकशेचारचा ताळेबंद मांडला होता.

पुढे स्पेलिंग. आता मी पुट आणि बटचं रडगाणं गाणार नाही. महाराष्ट्रात प्रत्येकानं ते एकदा गायलेलं आहे. पण बँकेत आल्यावर कळलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगात डी, ई, बी, टी अशी चार अक्षरं असतात. त्यातला 'बी' मुका. तो तिथे करतो काय? तर इंग्रजांनी हा शब्द घेतला फ्रेंचांकडून, आणि तो आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. मागाहून विद्वान मंडळींना वाटलं की शब्दाचं मूळ घराणं लॅटिन आहे, लॅटिनात 'बी' आहे, तेव्हा तो दिसायला पाहिजे. म्हणून घातला. म्हणजे कर्ज काढलं फ्रेंचांकडून आणि कागदावर जामीन दाखवला लॅटिन! 'रिसीट'मधला 'पी'ही याच जातीचा. आमच्या शाखेत असे जामीन ढिगानं आहेत. फॉर्मवर ठसठशीत दिसतात, वसुलीच्या वेळी आवाज नाही. पाचवीत हे कुणी सांगितलं असतं तर स्पेलिंगपायी खाल्लेल्या छड्यांपैकी निदान पाच-सहा तरी वाचल्या असत्या.

छडीचा विषय निघालाच आहे तर मुख्य प्रसंगाकडे येतो.

सर धडा शिकवायचे म्हणजे एक तुकडा इंग्रजी, एक तुकडा मराठी असं विणत जायचे. "वन्स अपॉन अ टाइम, एके काळी. देअर, तिथे. वॉज, होता. अ किंग, एक राजा." आम्ही पेन्सिलीनं शब्दावर शब्द मांडायचो. एके काळी तिथे होता एक राजा. मी ते पुन्हा वाचलं. मला खरंच प्रश्न पडला. गोष्ट आत्ता सुरू झाली, गावाचं नाव नाही, देशाचं नाव नाही आणि एकदम 'तिथे'? मी उभा राहिलो आणि विचारलं, "सर, तिथे म्हणजे कुठे?"

वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता, पण साठ मुलं हसली म्हणजे तो विनोदच ठरतो. सरांनी मला पुढे बोलावलं, हात पुढे करायला सांगितलं आणि दोन दिल्या. एक आगाऊ प्रश्नाबद्दल आणि दुसरी तो मराठीत विचारल्याबद्दल. हिशेब चोख होता.

सर दुष्ट नव्हते हो. त्यांना मी नंतर पुष्कळ वर्षं बघितलंय. सहलीला गरीब मुलांचे पैसे ते स्वतः भरायचे. पण काउंटरच्या या बाजूला बसायला लागल्यावर मला त्या दोन छड्यांचा अर्थ लागला. गिऱ्हाइकानं असं काही विचारलं की जे मला ठाऊक नाही, तर मी पहिल्यांदा काय करतो? आवाज चढवतो. "ते तसंच असतं, आजोबा. पुढचे या!"

परिणाम मात्र असा झाला की त्यानंतर मी इंग्रजीच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. पाचवीत नाही, दहावीत नाही, कॉलेजात तर नाहीच. आजही हेड ऑफिसचे साहेब शाखेत येऊन मीटिंगच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स?" म्हणतात तेव्हा माझा उजवा तळहात आपोआप टेबलाखाली जातो.

आता नानांबद्दल सांगायला हवं. आमचे वडील एस.टी.त कंडक्टर. त्यांच्या वेळी त्यांच्या शाळेत इंग्रजी आठवीला सुरू झालं आणि मॅट्रिकला त्या इंग्रजीनंच त्यांना दोनदा परत पाठवलं. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात तर वर्गात पहिले. मी पाचवीत गेलो तेव्हा त्यांनी बाजारातून चौरेघी वह्या दोन आणल्या. आई म्हणाली, "दोन कशाला?" तर म्हणाले, "एक संपली तर?" ती दुसरी वही मला कधीच मिळाली नाही. रात्री शेवटची गाडी लावून ते यायचे, जेवायचे, तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब पुन्हा एकदा मनाशी लावायचे आणि मग माझं दप्तर हळूच ओढून घ्यायचे. मी झोपेचं सोंग घेऊन बघत राहायचो. माझ्या वहीवरून ते त्यांच्या वहीत उतरवायचे. पहिली लिपी, दुसरी लिपी. जीभ किंचित बाहेर काढून.

त्या रात्री त्यांनी विचारलं, "आज काय शिकवलं?" मी हात दाखवला. त्यांनी दिव्याखाली धरून बघितला, आणि "कशाबद्दल?" म्हणाले. मी सांगितलं. मला वाटलं आता घरच्या दोन मिळणार. नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिथे म्हणजे कुठे, हे मलाबी आठवीत कळलं नव्हतं. मी इचारलं नाही."

एवढंच. दिवा बारीक करून झोपले.

चार दिवसांनी रात्री आले ते पायातल्या चपलाही न काढता माझ्यापाशी बसले. "ऊठ. घावला तुझा राजा." मी उठून बसलो. म्हणाले, "स्टँडवर गाडी लागली की काय होतं? खालनं माणूस खिडकीतनं रुमाल टाकतो. मी आत जाऊन इचारतो, ही शीट कुणाची? तर शेजारचा म्हणतो, येतोय माणूस, मागनं चढतोय. तसं आहे हे. इंग्रजीत पहिली शीट मोकळी ठेवायची नाही असा कायदा दिसतोय. राजा मागनं येणार आहे. तवर 'देअर' म्हणजे रुमाल. 'तिथं' नाही आणि 'इथं' नाही."

"आणि मराठीत?" मी विचारलं.

"आपल्यात रिझर्वेशन नाही. राजा होता, होता राजा, एक होता राजा. कोण कुठंबी बसतंय."

मी पुढे बी.कॉम. झालो, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाहिली, बँकेच्या परीक्षेसाठी जाडजूड व्याकरणं पालथी घातली. तिथे याला बनावट कर्ता की काय म्हणतात. रुमालापेक्षा जास्त काही त्यांनी सांगितलं नाही. पाऊस पडतो त्याला इंग्रजीत 'इट इज रेनिंग' म्हणतात. हे 'इट' कोण? तोही रुमालच. तिथे तर मागून कुणी चढतच नाही, नुसता रुमाल मुक्कामाच्या गावापर्यंत जातो. नानांना हे मी दहावीत असताना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अशे असतात. शीट अडवत्यात आणि येत नाहीत."

नाना २०१४ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत ती चौरेघी वही सापडली. पहिली काही पानं चार लिप्या, मग शब्द, मग माझ्या पाचवी-सहावीच्या धड्यांची उत्तरं. शेवटी एक रजेचा अर्ज होता, इंग्रजीत, डेपो मॅनेजरसाहेबांना. मला ताप आल्यामुळे मी कामावर येऊ शकत नाही, कृपया रजा मंजूर करावी. तोच अर्ज सलग पाच पानं. पहिल्या पानावर 'फीव्हर'चं स्पेलिंग चुकलेलं, तिसऱ्यावर सुधारलेलं, पाचव्यावर एकही चूक नाही आणि खाली झोकदार इंग्रजी सही. तो अर्ज कधी गेला नाही. नाना रजा मराठीतच मागायचे, आणि त्यांना ताप आलेला मला तरी आठवत नाही.

असो. शनिवारी पिंट्या आला. आल्या आल्या मी त्याला समोर बसवून स्लिपा काढल्या.

"हे बघ," मी म्हणालो, "आठवीत व्याकरण वाढतं. काळ येतात. कर्तरी-कर्मणी येतं. कर्मणीला अजिबात घाबरू नकोस, मोठेपणी फार उपयोगी पडतं. 'मी तुमचा अर्ज नामंजूर केला' असं म्हटलं तर माणूस भांडायला येतो. 'आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही' म्हटलं की भांडायचं कुणाशी? आमचं अर्धं हेड ऑफिस कर्मणी प्रयोगात राहतं. मग ती वाक्याची शेपटं येतील. इजन्ट इट, डोन्ट यू, वॉजन्ट ही. आपण एका 'ना'वर सगळं भागवतो. येतोस ना, होता ना, खाल्लंस ना. इंग्रजांना प्रत्येक वाक्याला वेगळं शेपूट लागतं. ती पाठ करायची, इलाज नाही. आणि पत्रलेखन आलं तर सोडू नकोस. साचा ठरलेला असतो, मार्क हक्काचे."

पिंट्या शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, हे सगळं आहे माझ्याकडे." आणि मोबाइलवर त्यानं मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक मुलगी कर्मणी प्रयोग माझ्यापेक्षा निम्म्या वेळात आणि गाणं म्हणत शिकवत होती. माझ्या स्लिपा मी हळूच खिशात घातल्या. अफवेला पहिला तडा तिथे गेला.

"मग घाबरलायस कशाला?"

तो बराच वेळ चादरीचा दोरा ओढत बसला. "मामा, तिथले सर सगळा तास इंग्रजीतच बोलतात म्हणे. मला कळलं नाही तर मराठीत विचारलेलं चालतं का?"

मुद्द्यांच्या यादीत हा मुद्दाच नव्हता.

मी म्हणालो, "आता छडी नसते. २००९च्या कायद्यानं बंद केली." तो म्हणाला, "छडीचं नाही. हसतात ना?"

त्यावर माझ्याकडे कायदा नव्हता. मग मी त्याला माझ्या राजाची गोष्ट सांगितली. दोन छड्या, नाना, स्टँड, रुमाल, सगळी. त्यानं नानांना पाहिलंय, पण ते गेले तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. भुवया आक्रसून विचार करत राहिला. रात्री अंथरुणावरून त्याचा आवाज आला, "मामा, झोपलास?"

"नाही."

"पण मागनं राजा चढला ना? 'वॉज'च्या पुढं येऊन उभा राहिला. मग रुमाल उचलून त्याला शीट का देत नाहीत? 'देअर' तसंच कसं बसून राहतं?"

मी छताकडे बघत पडून राहिलो. नाना असते तर चार दिवसांत स्टँडवरून उत्तर घेऊन आले असते. मला बी.कॉम. असून काही सुचेना. तोंडावर आलं होतं, "ते तसंच असतं, झोप आता." पण ते काउंटरवरचं वाक्य होतं. मी म्हणालो, "मला नाही ठाऊक."

"मग सोमवारी सरांना विचारतो."

"इंग्रजीत विचारता येईल?"

"नाही. मराठीतच विचारीन. हसले तर हसले."

अंधारात मी उजवा हात छातीवर घेतला होता, तो तसाच राहू दिला.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचा इंग्रजीचा तास होता. त्याच सुमाराला मी एका बाईंना पाचशेच्या सात नोटांऐवजी आठ दिल्या, त्यांनी प्रामाणिकपणे परत केली. संध्याकाळी मीच फोन लावला. बहीण म्हणाली, "दादा, चांगला जेवला आज. थांब, देते त्याला."

"काय झालं रे? हसले का?"

"हसले थोडे. पण सर नाही हसले. सर म्हणाले, बघून सांगतो."

याला आता तीन आठवडे झाले. सरांनी अजून सांगितलेलं नाही. पिंट्या रोज विचारतोय.